चकचकीत बोल्ट: रेलेच्या कड्यांवर तुटणाऱ्या स्टीलचं प्रकरण

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक तुकडा पडलेला असतो. करंगळीएवढा, स्टेनलेस स्टीलचा. एका टोकाला आटे, दुसरं टोक तुटलेलं. दक्षिण थायलंडमधल्या टोनसाईच्या कड्यावरून काढलेला हा बोल्ट. तिथे जुने बोल्ट बदलायच्या कामाला हात लावणाऱ्या एका मित्राने तो मला आणून दिला. घरी कोणी क्लायंबर आला की मी तो त्याच्या हातात देतो, तुटकं टोक मुठीत झाकेल असा धरून, आणि विचारतो, ‘‘कसा वाटतोय?’’ तो आट्यांवरून अंगठा फिरवतो, उजेडाकडे धरतो. एक-दोन ठिकाणी चहाच्या डागासारखी पिवळट झाक आहे, बाकी चकचकीत. ‘‘चांगलाय की,’’ असंच उत्तर येतं. मग मी मूठ उघडायला सांगतो.

तुटलेलं टोक भिंगाखाली बघण्यासारखं आहे. चांगलं स्टील ओढून तोडलं तर ते आधी लांबतं, तुटायच्या जागी मान बारीक होते आणि तुटलेला भाग करडा, तंतुमय दिसतो. इथे मान बारीक झालेलीच नाही. खडूची कांडी मोडावी तसा हा मोडलाय. गोल छेदाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट तपकिरी आहे, म्हणजे तिथली भेग जुनी. काठाला फक्त चंद्रकोरीएवढी पट्टी ताजी, रुपेरी. शेवटी बोल्ट तेवढ्यावरच तगून होता. बाजूने पाहिलं की केसासारख्या आणखी भेगा दिसतात, एकीला दोन फाटे, त्यांना आणखी फाटे. मित्राने काढायला म्हणून पाना लावला, तर अर्धा फेराही व्हायच्या आत डोकं हातात आलं. त्या दिवशी सकाळी त्याच रूटवर दोघं जण चढून उतरले होते.

मी भोसरीत धातूंच्या तपासणीचं काम करतो आणि शनिवार-रविवार डोंगरात असतो, त्यामुळे हे प्रकरण माझ्या दोन्ही जगांत शिरतं. ते नीट मांडायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आपल्याकडे ‘जुना बोल्ट’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गंजलेली लाल मेख येते. रेलेने शिकवलं ते याच्या बरोबर उलटं आहे.

जागा कशी आहे ते आधी. क्राबी प्रांतात अंदमान समुद्राच्या काठावर रेले नावाचं टोक आहे. जमिनीला जोडलेलं, पण मागे चुनखडीचे कडे असे उभे की गाडीरस्ता नाही. जवळच्या आओ नांगसारख्या गावाहून लांब शेपटीच्या होडीनेच जावं लागतं. शेजारचा किनारा म्हणजे टोनसाई. ओहोटी असेल तर खडकांवरून चालत जाता येतं. कडे समुद्रातूनच वर उठल्यासारखे, पुढे झुकलेले, त्यांना मेणबत्तीच्या ओघळांसारखे चुन्याचे लोंबते खांब. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथे क्लायंबिंग सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत जगभरातले लोक इथे हिवाळा काढायला येऊ लागले. पुण्या-मुंबईचेही बरेच जण जाऊन आलेत. स्वस्त विमान पकडलं की डिसेंबरात टोनसाईला मराठी कानावर पडतेच.

इथलं चढणं स्पोर्ट क्लायंबिंगचं. म्हणजे खडकात आधीच बोल्ट बसवून ठेवलेले असतात, साधारण दोन-तीन मीटरला एक. चढणारा वर जाताना क्विकड्रॉ, म्हणजे दोन्ही टोकांना कडी असलेली छोटी पट्टी, बोल्टात अडकवतो, त्यात दोर घालतो. घसरला तर खाली दोर सांभाळणारा, म्हणजे बिले देणारा, दोर धरतो आणि शेवटचा अडकवलेला बोल्ट त्याला झेलतो. सगळ्यात वर दोन बोल्टांचं स्टेशन. तिथून दोरावर बसून खाली यायचं. चढताना एखादा बोल्ट तुटला तर खालचा झेलेल ही आशा तरी असते. स्टेशनवरून उतरताना मात्र सगळं वजन त्या दोघांवर, आणि त्या दोघांचं वय, धातू आणि हवा एकच. एकाला जे झालंय ते दुसऱ्यालाही झालेलं असण्याची शक्यता दाट. ‘दोन आहेत ना, मग काय’ हा हिशेब इथे लंगडा पडतो.

नव्या बोल्टाची ताकद मात्र भरपूर. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या, म्हणजे यूआयएएच्या मानकाप्रमाणे खडकाला समांतर ओढलं तर त्याने २५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टनांचा भार सोसला पाहिजे. स्पोर्ट रूटवरच्या नेहमीच्या फॉलमध्ये, म्हणजे घसरून दोरावर पडण्यात, वरच्या बोल्टावर चार-सहा किलोन्यूटनच्या आसपास भार येतो. चार-पाच पट राखीव ताकद. या आकड्यावर आपण सगळे निर्धास्त झोपतो.

सुरुवातीचे बोल्ट बसवणाऱ्यांनी काही हलगर्जीपणा केला नव्हता. समुद्र शेजारी आहे हे त्यांना दिसत होतं, म्हणून साधं स्टील सोडून स्टेनलेस आणलं. युरोपात चालणारे, नावाजलेले बोल्ट. तरी १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बोल्ट तुटायला लागले. काही बोल्ट फॉलमध्ये तुटले म्हणून लोक सांगत, काही नुसत्या अंगाच्या वजनाने, काही हातोडीच्या टिचकीने. पहिला संशय साहजिकच मालावर गेला: हलकं स्टील असेल, ३०४ ग्रेड असेल, समुद्राला ३१६ लागतं. मग ३१६ आलं. जहाजांच्या सामानाला वापरतात तेच, दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं, ज्याला ‘मरीन ग्रेड’ म्हणून जास्त पैसे मोजतात. तेही तुटलं. काही बोल्ट तर बसवल्यापासून थोड्याच वर्षांत गेले, आणि जाताना दिसायला जवळजवळ नवे होते.

इथे मला कॉलेजातला एक वर्ग आठवतो. मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: मिठातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेसला ताणभेगा, म्हणजे ताणाखालच्या धातूत वाढत जाणाऱ्या भेगा, पडतात, पण साठ अंश सेल्सियसच्या वर. खाली काळजी नको. परीक्षेला आलेलं, मार्क मिळालेले. टोनसाईच्या कड्यावर साठ अंश कुठून येणार? तिथलं हवामान आपल्या कोकणातल्या मे महिन्याचं. मग हे घडतंय कसं?

उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. माझी आजी लोणचं स्टीलच्या डब्यात कधी ठेवू द्यायची नाही. ‘‘बरणीत घाल रे, स्टीलला भोकं पडतात,’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. डबा तर स्टेनलेस, वर आजोबांचं नाव कोरलेलं, वर्षानुवर्षं घासूनही न गंजलेला. पण मिठाच्या आंबट पाण्यात महिनोन्‌महिने ठेवला की तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. स्टेनलेस गंजत नाही याचं कारण त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइडचा पापुद्रा. तो इतका पातळ की मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा. ओरखडा गेला तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. मिठातलं क्लोराइड मात्र या पापुद्र्याला ठिकठिकाणी भोक पाडतं आणि भरूनही येऊ देत नाही.

आजीची दुसरी गोष्ट खड्या मिठाची. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तळाला ओलं होतं. बारीक, शुद्ध केलेलं मीठ तेवढं पाझरत नाही. कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. मिठागरात मीठ धरल्यावर जे कडवट पाणी मागे उरतं, ते याचंच. आणि मॅग्नेशियम क्लोराइड अतिशय हावरट आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाल्याशिवाय ओलं होत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. कॅल्शियम क्लोराइडला त्याहूनही थोडी कमी.

आता हे कड्यावर नेऊन बघा. समुद्राचे तुषार वाऱ्याबरोबर येऊन बोल्टावर बसतात. मागून चुनखडीतून पाणी झिरपतं, ते येताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. दुपारी ऊन पडतं, खडक तापतो, हवा कोरडी होते. बोल्टावरचं साधं मीठ वाळून पांढरं पडतं आणि निपचित होतं. मॅग्नेशियमचं मीठ वाळत नाही. त्यातलं पाणी कमी होत होत काकवीसारखा घट्ट पाक उरतो, आणि त्या पाकात क्लोराइड इतकं दाट की साधं समुद्राचं पाणी त्यापुढे काहीच नाही. प्रयोगशाळेत स्टेनलेसला ताणभेगा पडतात का हे बघायची जुनी कसोटी आहे, त्यात नमुना उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये, दीडशे अंशांच्या वर, बुडवून ठेवतात. भेगा काही तासांत दिसतात. टोनसाईचा कडा तीच कसोटी थंड ठेवून, वर्षं लावून घेतोय.

तिसरी गोष्ट ताण. याला चढणाऱ्याची गरज नाही, आणि हेच मला सगळ्यात अस्वस्थ करतं. एक्स्पान्शन बोल्ट बसवताना नट आवळतो, तेव्हा मागचा सुळा बाहीत ओढला जाऊन बाही खडकात फुगते. त्या आवळण्याने बोल्टाची दांडी ताणलेली राहते, आवळल्यापासून काढेपर्यंत, रात्रंदिवस. वरचा हँगर, म्हणजे क्विकड्रॉ अडकवायची भोकाची पट्टी, पत्रा वाकवून केलेला, त्या वाकवण्याचा ताण पत्र्याच्या पोटात कायमचा बसलेला. म्हणजे रूट कोणी चढो न चढो, बोल्टाचं वय वाढतच असतं. खड्डा पडला की ताण त्याच्या तळाशी एकवटतो, तिथून केसाएवढी भेग सुटते, पाक भेगेत शिरतो, भेगेचं टोक पुन्हा कुरतडतो. बाहेरचा पृष्ठभाग बहुतेक शाबूतच. धातू झिजत नाही, फाटतो.

आणि एक विनोद. क्लोराइडच्या ताणभेगा सगळ्यात लवकर कोणत्या स्टेनलेसला पडतात याचा आलेख फार पूर्वी काढला गेलाय. निकेल अगदी कमी असेल तर स्टील तगतं, खूप असेल तरी तगतं. सगळ्यात नाजूक जागा आठ-दहा टक्क्यांच्या आसपास. ३०४ मध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, भांडीवाले ज्याला १८-८ म्हणून छातीठोकपणे विकतात तेच. जगातल्या कित्येक क्लायंबिंग बोल्टांसाठी नेमका आलेखाच्या खड्ड्यातला धातू निवडला गेला. वरणभाताला तो उत्तम आहे.

हे फक्त डोंगरातलं खूळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी एका बंदिस्त पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं आतलं छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. १९७२ साली बांधलेली इमारत. ९ मे १९८५ रोजी छत खाली आलं, बारा माणसं गेली. सळ्या ताणभेगांनी तुटल्या होत्या. तलावाच्या पाण्यातलं क्लोरीन हवेत मिसळून सळ्यांवर साचत गेलं, आणि तापमान होतं आपल्या बैठकीच्या खोलीइतकं. छताच्या वर, झाकलेल्या जागी, पाण्याने कधी धुतल्या न जाणाऱ्या त्या सळ्यांकडे कोणी बघत नव्हतं. त्यानंतर युरोपात तलावांच्या छतासाठी साधं ३०४-३१६ वापरण्यावर कडक बंधनं आली. अभियंत्यांना जे १९८५ मध्ये कळलं ते क्लायंबरांपर्यंत पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. दोन्हीकडचे लोक एकाच टेबलावर बसत नाहीत, दुसरं काय.

‘कधी धुतल्या न जाणाऱ्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. रेलेच्या उघड्या भिंतींवर पाऊस बोल्ट धुऊन काढतो, मीठ वाहून जातं. पुढे झुकलेल्या भिंतीखाली, जिथे पावसाचा थेंब येत नाही आणि पावसातही चढता येतं म्हणून गर्दी असते, तिथे मीठ साचत राहतं. आपलं डोंगरातलं शहाणपण म्हणतं, कोरड्या जागचा बोल्ट बरा. इथे कोरडी, सावलीतली, आडोशाची जागा जास्त वाईट ठरते.

मग तपासणी करायची कशी? इथे येऊन सगळे अडतात. गंजलेली मेख तुम्हाला सांगते की मी गेले. हातोडीने ठोकली की भद्द आवाज करते, हलते, पापुद्रे सोडते. ताणभेगेचा बोल्ट काही बोलत नाही. भेग बहुधा हँगरच्या मागे किंवा भोकाच्या आत, दांडीवर असते. बाहेरून दिसतो तो नट आणि हँगरची पुढची बाजू. ओढून बघावं तर आज सहा-आठ किलोन्यूटनला टिकला म्हणजे आज टिकला. भेग निम्म्यावर असेल तर तो ही परीक्षा पास होईल आणि पुढच्या हिवाळ्यात नापास. पूर्ण ताकदीने ओढावं तर बोल्टच संपतो, आणि उरलेल्यांबद्दल फक्त अंदाज मिळतो. कारखान्यात आम्ही रंगद्रव्य टाकून भेगा शोधतो, पण त्यासाठी तुकडा स्वच्छ करून टेबलावर घ्यावा लागतो. कड्यावर, दोरावर लटकून, खडकात अर्धा गाडलेल्या बोल्टाला ते कोण लावणार?

उरतात फक्त तीन प्रश्न: कोणता धातू, कधी बसवला, कुठल्या जागी. तिन्हींची उत्तरं बोल्टाकडे बघून मिळत नाहीत, कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागतात. रेलेच्या पहिल्या पिढीच्या बोल्टांबद्दल असं फारसं लिहिलेलं नव्हतं. रूटचं नाव, काठिण्य, पहिली चढाई कोणाची, हे सगळं होतं. बोल्ट कोणत्या स्टीलचा, हे नव्हतं.

उपाय निघाला तो टायटेनियमचा. २००० च्या आसपास पहिले टायटेनियम बोल्ट इथल्या खडकात बसले. पुढे ‘थायटेनियम’ नावाने, देणग्या गोळा करून, स्थानिक आणि बाहेरून आलेल्या क्लायंबरांनी मिळून हे काम चालवलं. शुद्ध टायटेनियमला क्लोराइडच्या ताणभेगा या हवेत पडत नाहीत. वजन स्टीलच्या साधारण निम्मं. हातात घेतला की पहिल्यांदा खोटा वाटतो, खेळण्यातल्यासारखा. किंमत मात्र कित्येक पट.

आणि तो स्टीलसारखा ठोकून, नट आवळून बसवत नाहीत. टायटेनियमची सळई वाकवून डोळा केलेला बोल्ट भोकात गोंदाने चिकटवतात. गोंद म्हणजे दोन भागांचं रेझिन, पिस्तुलासारख्या गनमधून मिसळत येणारं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात झुकलेल्या भिंतीवर दोरावर लटकून, एका हाताने ड्रिल धरून भोक पाडायचं. मग फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं, पुन्हा घासायचं. रबरी नळीने भोकात फुंकलं की चुन्याची भुकटी थेट तोंडावर उलटी येते. चष्मा लावला तरी संध्याकाळी डोळे लाल. हा भाग कंटाळवाणा म्हणून दोनदा फुंकून भागवलं, तर गोंद खडकाऐवजी भुकटीला चिकटतो आणि काही वर्षांनी बोल्ट बोटाने गोल फिरायला लागतो. टायटेनियम अमर असलं तरी त्याला धरून ठेवणारा गोंद अमर नाही. उकाड्यात गोंद गनच्या तोंडातच घट्ट होतो; भोक ओलं असेल तर थांबावं लागतं; आणि बोल्ट बसवल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत रूट बंद. तेवढ्यात कोणीतरी हौशी येऊन त्यात क्विकड्रॉ घालणार नाही हे बघायला खाली चिठ्ठी लावायची. चिठ्ठी माकडं नेतात.

एका रूटला आठ-दहा बोल्ट आणि वर स्टेशन. असे शेकडो रूट. त्यामुळे बदल एका झटक्यात झाला नाही, होणारही नव्हता. मी गेलो त्या वर्षी एकाच भिंतीवर, हात पुरेल एवढ्या अंतरात, तीन पिढ्या नांदत होत्या: एक जुना स्टेनलेस, हँगर नीटनेटका, त्याच्या वर वीतभर अंतरावर मंद करड्या रंगाचा टायटेनियमचा डोळा, आणि शेजारी चुनखडीच्या भोकातून ओवलेला जुन्या दोराचा गोफ, उन्हाने पांढरा पडलेला. पहिल्यांदा येणारा माणूस काय करेल? हात चकचकीत हँगरकडे जाईल. टायटेनियमला चकाकी नसते, ते दिसायला मळकट. आमच्यातल्या एकीने तेच केलं. खालून तिथला गाईड ओरडला, ‘‘करडा! करडा घे!’’ गाईडबुकात टायटेनियमच्या रूटना खूण असते. ती बघून रूट निवडणं हे तिथलं पहिलं शिस्तीचं काम, काठिण्य नंतर.

जुना बोल्ट नवा बसवल्यावरही का ठेवतात, हा माझा तिथला वाद होता. काढायला वेळ लागतो, तुटला तर खुंट राहतो, भोक बुजवावं लागतं, हे सगळं मान्य. पण जो बोल्ट वापरायचा नाही तो भिंतीवर असूच नये, किमान त्याचा हँगर काढावा, असं मला अजून वाटतं. भिंत ही सूचनाफलकासारखी असते. जे दिसतं ते लोक वापरतात.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. होडीवाला, खानावळ, दुकान, गाईड, सगळ्यांचं पोट कड्यांवर. बोल्टाचे पैसे मात्र देणग्यांतून. चढणारा रोज जेवणावर आणि नारळपाण्यावर जेवढे खर्च करतो त्याच्या एका दिवसाच्या पैशात बोल्टाला हातभार लागला असता, हे देणगीच्या डब्यावर लिहिलेलं असतंच, आणि डबा रिकामाच असतो.

यूआयएएने या प्रकरणानंतर इशारे दिले, संशोधन करवून घेतलं आणि बोल्टांच्या मानकात धातूला गंजाच्या धोक्यानुसार वर्ग दिले. किनाऱ्यावरच्या, ताणभेगांचा धोका असलेल्या जागी टायटेनियम किंवा खास उंच दर्जाची मिश्र पोलादं, साधं ३०४-३१६ नाही. किती लांबपर्यंतचा किनारा धरायचा, याला एकच आकडा लावता येत नाही. वारा, पाऊस, खडक, आडोसा, सगळं मध्ये येतं. म्हणून आधी आसपासचे जुने बोल्ट तोडून बघणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग ठरतो.

आता आपल्याकडे. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट, चुनखडी नाही, आणि घाटमाथ्यावरचे सुळके समुद्रापासून आत आहेत. रेलेचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडचे जुने बोल्ट आणि मेखा बहुतांशी साध्या स्टीलच्या. त्या गंजतात, सुजतात, लाल ओघळ सोडतात. चार महिने पाऊस झोडपतो, खडकाच्या भेगा हलतात, मेख सैल होते. हे डोळ्यांना आणि हातोडीला कळतं. साध्या बोल्टावर स्टेनलेसचा हँगर लावायची सवय मात्र मोडायला हवी. दोन धातू ओल्यात एकत्र आले की हलक्या प्रतीचा धातू, म्हणजे साधा बोल्ट, लवकर खाल्ला जातो, आणि नेमका तो हँगरच्या मागे लपलेला असतो. कोकणात समुद्रालगतच्या कड्यांवर रूट उघडायचे बेत हल्ली ऐकू येतात. तिथे हार्डवेअरच्या दुकानातलं ३०४ ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ म्हणून कोणी घेऊन गेला तर मी त्याला आधी आजीची बरणी दाखवेन.

पण रेलेशी आपलं खरं नातं लागतं ते वहीपाशी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या क्लबांनी एकेक सुळका सर केला, तेव्हाच्या हातड्रिलने एकेका भोकाला अर्धा-अर्धा तास घालवून बोल्ट मारले. ती माणसं काय ताकदीची होती हे भोक पाडून बघितलं की कळतं. मोहिमेचे अहवाल छापले, सदस्यांची नावं, किती तास लागले, कोणी लीड केलं. त्यातल्या कितीक स्टेशनवर आज शनिवार-रविवारी तीस-चाळीस जणांना रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरवतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी एका सुळक्यावरच्या बोल्टांची नोंद करायला घेतली. नाव देत नाही, कारण तिथे येणाऱ्यांना घाबरवायचं नाही, आधी काम उरकायचं आहे. माथ्यावरच्या स्टेशनला पाच स्लिंग, म्हणजे बांधलेल्या पट्ट्यांचे गोफ, होत्या, एकावर एक. सगळ्यात खालची मूळची लाल असावी. चिमटीत धरली तर तंतू पिठासारखे सुटले. प्रत्येक गटाने खालची न काढता वर आपली बांधलेली. स्लिंगांखाली बोल्ट तीन, तीन जातींचे. वहीत रकाने पाडले होते: जागा, जाडी, धातू (चुंबक लावून बघितलेला), हँगर, गंज, हलतो का, कोणी मारला, कधी मारला. खालून वर येईपर्यंत एकूण चौदा ओळी भरल्या. जुन्या क्लबातल्या एका काकांना घरी जाऊन वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ फोटो पाहिले, तीन बोल्टांवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे आमचे. अठ्ठ्याऐंशीचे असतील. नाही, सत्त्याऐंशी.’’ शेवटच्या रकान्यात मी पेन्सिलीने १९८७ लिहिलं, पुढे एक प्रश्नचिन्ह. उरलेल्या अकरा ओळींत नुसतंच प्रश्नचिन्ह आहे.